क्लॅरीची शीळ

"क्लॅरी, ब्रॅम्बलवर पैसे लावायचे नाहीत. एकेकाळी ती आपली होती म्हणून काही जिंकणार नाही." आरशासमोर टोपीला पिन लावता लावता नोरीननं नवऱ्याला बजावलं.

"मी कुठं काय म्हणालो?" बुटांवरची नजर न उचलता क्लॅरी म्हणाला.

वॅरापिन गावच्या घोड्यांच्या शर्यती तेव्हा वर्षातून एकदाच भरत आणि त्या दिवशी गावातली बेकरीसुद्धा दुपारी बंद असे. ब्रॅम्बल या घोडीला क्लॅरीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. दुष्काळात चारा मिळेना, तेव्हा ती शर्यतीचे घोडे पाळणाऱ्या बॅझिल कियोला विकावी लागली. तेव्हापासून क्लॅरी रिकाम्या कुरणाकडं पाठ करून चहा पीत असे.

पहिल्या शर्यतीत त्यानं नोरीनचा मान राखून सगळ्यांच्या आवडीचा घोडा निवडला. तो हरला. ते भरून काढायला पुढच्या शर्यतीत दुप्पट लावले, तेही बुडाले. मग ज्या जॉकीनं हरवलं त्याच्यावर डूख धरून, त्याचा घोडा सोडून भलत्याच घोड्यावर लावले. जॉकी हसत हसत जिंकला.

आता ब्रॅम्बलची शर्यत होती. बिअरच्या तंबूत गुत्तेवाल्या डगनं विचारलं, "तुझी म्हातारी धावेल का रे?"

"धावेल का? अरे, कुरणाच्या त्या टोकाला असली तरी माझी शीळ ऐकून वाऱ्यासारखी यायची." मग क्लॅरीनं दुधाच्या बाटलीपासून सगळं सांगितलं. डगनं नाक पुसलं, आणि थोड्याच वेळात अर्धा तंबू बुकीसमोर रांगेत उभा राहिला. सर्वांत पुढं क्लॅरी, खिशात उरलेलं सगळं मुठीत घेऊन.

शेवटच्या वळणावर ब्रॅम्बल चक्क पुढं होती. ओरडायला आवाज फुटेना, तशी क्लॅरीची दोन बोटं आपोआप तोंडात गेली.

ब्रॅम्बलनं कान टवकारले. वेग कमी केला आणि तिरकी चालत थेट कुंपणाशी येऊन क्लॅरीच्या छातीवर तोंड टेकलं. जॉकी तिच्या मानेला लोंबकळत होता. बाकीचे घोडे धुरळा उडवत निघून गेले.

"क्लॅरी," डग शांतपणे म्हणाला, "निदान माझ्या गुत्त्यात तरी शीळ घालू नकोस."

एवढ्यात लालबुंद झालेला बॅझिल आला. "आता मी हिला नेईन तिथं लोक शीळ घालणार. तूच घेऊन जा."

"मला परवडायची नाही, बॅझिल."

"मी पैसे मागितले का?"

पाठीमागं नोरीन उभी होती. क्लॅरी चाचरत म्हणाला, "तुझं ऐकायचं खरंच मनात होतं गं."

"तुझे गेले ते गेले," नोरीन म्हणाली. "माझे गेले त्याचं काय?"

"तू कुणावर लावले होतेस?"

नोरीननं जॉकीला खाली उतरायला हात दिला, लगाम हातात घेतला आणि म्हणाली, "चल, घरी चालत जायचं तर आत्ताच निघू."