चौदा नंबरची खोली बघायला येते

विद्यापीठाच्या वसतिगृहातली चौदा नंबरची खोली वेणू ढगेला बघायला बोरखेडीला आली, तेव्हा शेवंताआत्यानं पोह्यांना नुकतीच फोडणी दिली होती.

खोली एसटीच्या टपावरून आली. सोबत कुणीतरी वडीलधारं हवं, म्हणून वसतिगृहाचा जिना आला होता. जिना जुना, पायऱ्या मधोमध झिजलेल्या. बोलताना दर पायरीला दम खायचा. वेणूचे वडील श्रीपतअण्णा फाट्यावर घ्यायला गेले. जिन्याला त्यांनी हात दिला, आणि खोलीला म्हणाले, "या बाई, सावली बघून चला."

खोली अंगणात कडुलिंबाखाली टेकली. आत घ्यायचं म्हटलं असतं तर घराचं दार नि खोलीचं दार एकमेकांत अडकून बसलं असतं.

आता ही तिकडची रीतच आहे. प्रवेश विद्यापीठ देतं, पण राहायला घ्यायचं की नाही ते खोली ठरवते. वर्षानुवर्षं पोटात वागवायचं माणूस, तेव्हा आधी बघून घेतलं तर त्यात वावगं काय? वेणूला याआधी दोन खोल्या बघून गेल्या होत्या. दोघी जाताना 'कळवतो' म्हणाल्या, आणि दोघींनी कळवलं नाही. चौदा नंबर ही शेवटची. हिनं नाही म्हटलं की शिक्षण संपलं, कारण बोरखेडीहून रोज जाऊन येण्यासारखं ते अंतर नव्हतं. मग वेणूला शिवणावर बसवायचं, म्हणून आत्यानं मशीनला तेलसुद्धा घालून ठेवलं होतं.

वेणू बशी घेऊन आली. खोलीनं ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून घेतली.

"नाव काय, बाळ?" जिन्यानं विचारलं.

"वेणू श्रीपत ढगे."

"ओला टॉवेल कुठं टाकतेस?"

"दोरीवर, आबा."

"भिंतीला खिळे मारायची सवय?" खोलीनं हळूच विचारलं.

वेणूनं नाही म्हणून मान हलवली. तेवढ्यात आत्या पदर सारखा करून पुढं सरकली. आत्याला बघायला आले होते तेव्हा घरच्यांनी जे सांगितलं होतं आणि ज्यानं काम झालं होतं, तेच तिनं आता सांगितलं. "पोर अगदी गरीब आहे हो. घरात आहे की नाही ते कळत नाही. तोंडातून शब्द म्हणून निघत नाही."

अण्णा वर कडुलिंबाकडे बघत राहिले.

खोलीचा पंखा मंदावला. "बोलतच नाही?"

"छे. तुम्हाला काही म्हणून त्रास नाही."

"माझ्याकडे चार वाजता पश्चिमेचं ऊन येतं," खोली म्हणाली. "बाकी सांगण्यासारखं काही नाही." आणि ती उठली.

"कळवतो," जिना म्हणाला.

दोघं पांदीनं वळेपर्यंत वेणू उभी होती. मग तिनं चपला घातल्या.

"अगं, मुलीकडच्यांनी असं मागं जाऊ नये," आत्या म्हणाली.

"तू मशीनला तेल घाल," वेणू म्हणाली आणि पळत सुटली.

फाट्यावर एसटी यायची होती. जिना आडवा पडून पायऱ्या मोकळ्या करत होता.

"माझं काय चुकलं तेवढं सांगा," वेणूनं खोलीला विचारलं.

"तुझं काही नाही, बाळ. आधीची मुलगी कानात बोळे घालून वाचायची. पास झाली, गेली. 'येते' सुद्धा म्हणाली नाही. मी आपली तेरा नंबरच्या भिंतीला कान लावून दिवस काढले. आता पुन्हा तसली नको."

"आत्या खोटं बोलली. मी झोपेतसुद्धा बोलते. काल झोपेत कंडक्टरशी जागेवरून भांडले, तर आत्या उठून त्याच्या बाजूनं बोलायला लागली. आंघोळ करताना मी गावाच्या बातम्या देते. आणि वाचते ते मोठ्यानं. मधेच पुस्तकाला उलट बोलते."

खोलीची खिडकी उघडली. "पुस्तकाला काय म्हणतेस?"

"'उगाच लांबण लावू नको' म्हणते."

"आणि टॉवेल?" जिन्यानं पडल्या पडल्या विचारलं.

वेणूनं चपलेचा अंगठा सारखा केला. "खुर्चीवर टाकते, आबा."

"दोरीवर म्हणाली होतीस."

"ते बघायला आला होतात म्हणून."

"टॉवेलचं पुढं बघू," खोली म्हणाली. "बैस आत."

अण्णा सायकलवरून ट्रंक घेऊन आले, ती त्यांनी खिडकीतून आत दिली. कंडक्टरनं खोली टपावर चढवून घेतली आणि जिन्याला ज्येष्ठ नागरिकाची सवलत दिली. एसटी हलली तेव्हा वरून वेणूचा आवाज येत होता. पुढच्या थांब्यापर्यंत तिचं एक वाक्य संपलं नव्हतं.

पुढं सगळं नीट झालं. टॉवेलवरून एकदा वाजलं आणि खोलीनं आतून कडी घातली. वेणू जिन्यावर बसून बोलत राहिली. गोष्ट रंगात आली तेव्हा मुद्दाम थांबली. कडी निघाली. तेरा नंबरची खोली आता इकडच्या भिंतीला कान लावून असते.

फक्त त्या गडबडीत पोह्यांची बशी खोलीच्या खिडकीतच राहिली होती. दिवाळीच्या सुट्टीत खोली ती घेऊन वेणूबरोबर बोरखेडीला आली. बशी रिकामी परत देऊ नये, म्हणून तिनं त्यात चार वाजताचं थोडं ऊन घालून आणलं होतं. शिवणाच्या मशीनपाशी उजेड कमी पडायचा. आत्यानं त्यातलं चिमूटभर तिथं ठेवलं आणि उरलेलं झाकून ठेवलं.