खिरनीबागेचे वारस

निवृत्तीला दीड महिना उरला असताना नीळकंठराव दिघ्यांनी जेवता जेवता जाहीर केलं, "अशोका गार्डनमधला फ्लॅट बघायला मी येणार नाही! ज्याच्या पणजोबांची या भोपाळात तीन एकरांची बाग होती, त्याने दुसऱ्या मजल्यावर जाऊन लटकायचं?"

मनोरमाबाईंनी आमटी वाढली. "होती ना? मग आता कुठे आहे?"

"शोधणार! रविवारी संध्याकाळपर्यंत!"

कारखान्याच्या स्टोअरमध्ये लाखभर सुट्या भागांतून नेमका हवा तो स्क्रू काढून देण्यात त्यांची हयात गेली होती. तीन एकरांची बाग अशी किती लपणार! पण खरी गोष्ट वेगळी होती. त्यांचा जीव टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये अडकला होता. सव्वीस वर्षांपूर्वी मनोरमाबाईंनी याच क्वार्टरचं माप ओलांडलं, दोन्ही मुली इथूनच सासरी गेल्या, परसातला कढीपत्ता छपराला लागला. आता एकतीस तारखेला किल्ली परत करायची. भोपाळात आपली म्हणावी अशी वीतभर माती तरी असावी, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि पणजोबाही साधेसुधे नव्हते. बाळकृष्णपंत एकदा इतके आजारी पडले की वैद्याने हात टेकले. मग जुन्या रिवाजाप्रमाणे त्यांना घाईघाईने आतुर संन्यास दिला, म्हणजे मरणाऱ्याने सगळं सोडून मोकळं व्हायचं. जानवं गेलं, शेंडी गेली, भगवं नेसवलं, बायकामुलांनी टाहो फोडला. आणि सकाळी पंत उठून बसले आणि पेज मागू लागले! आता करायचं काय? संन्याशाला परत संसार नाही. ठणठणीत बरे झालेले पंत उठले आणि घराकडे वळूनही न बघता त्याच तीन एकरांच्या बागेत, खिरनीच्या झाडांखाली झोपडीत राहिले. अकरा वर्षं! संन्याशाला अग्नी देत नाहीत, म्हणून गेल्यावर तिथेच त्यांची समाधी बांधली. आजोबांच्या वहीत लिहिलं होतं : 'खिरनीबाग. मोठ्या विहिरीच्या उत्तरेस वीस हात. काळा दगड, वर पादुका.'

पहिल्या रविवारी नीळकंठराव महाराणा प्रताप नगरात एका कोचिंग क्लासच्या मागे काळ्या दगडापुढे साष्टांग पडले. वॉचमन धावत आला. "अंकल, उठिए! ये तो स्कूटर रोकने के लिए रखा है!"

दुसऱ्या रविवारी एक विहीर सापडली, पण तिच्या उत्तरेला वीस हातांवर एक ब्यूटी पार्लर होतं. तिथे वही उघडून हात मोजायला लागल्यावर काय झालं, ते त्यांनी घरी सांगितलं नाही.

शेवटी ते टाउनशिपच्याच इस्टेट ऑफिसात गेले. नकाशे सांभाळणारे गोपीनाथ तिवारी त्यांच्या जुन्या ओळखीचे. त्यांनी कपाटावरून एक पिवळी गुंडाळी काढली. कारखाना येण्याआधीचा, शेताबागांचा नकाशा! त्यावर त्यांनी टाउनशिपचा ट्रेसिंग पेपर पसरला.

"ये रही आपकी खिरनीवाली बाग, दिघे साहब. कुआँ अब पानी की टंकी के नीचे है. और बीस हाथ उत्तर..." तिवारींचं बोट सरकलं आणि थांबलं. त्यांनी चष्मा पुसला. "एन-दो, अड़तीस. ये तो..."

ते क्वार्टर नीळकंठरावांचं होतं!

ते सायकल विसरून पळत घरी आले. परसात मनोरमाबाई धुणं धूत होत्या. नळाखाली, काळ्याभोर, गुळगुळीत दगडावर. ते राहायला आले तेव्हापासून तो तिथेच पडलेला होता.

"उठ! बाजूला हो!"

"अहो, चादर तरी पिळू द्या!"

दोघांनी पहारीने दगड उलथला. चिखल धुतला. खाली दोन सुबक पावलं कोरलेली होती आणि भोवती अक्षरं : श्रीबाळकृष्णानंद. नीळकंठरावांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. शंभर वर्षांपूर्वीचा माणूस, आणि सव्वीस वर्षं एकाच अंगणात! ते इथे लिंबाला पाणी घालत होते, मुलींना सायकल शिकवत होते, आणि पंत हातभर अंतरावर! त्यांच्या अंगावर काटा उभा राहिला होता आणि डोळे भरून आले होते.

मनोरमाबाईंनी तोंडावर हात नेला. "अगं बाई! अहो, मी यांच्या पाठीवर तुमचे पायजमे आपटले हो!"

शेजारच्या सुशीलाबाई कुंपणावरून बघतच होत्या. त्या मूळच्या ग्वाल्हेरच्या. "हाय राम! मनोरमाभाभी, सांगायचं तर होतं! इथे साक्षात महाराज बसलेत आणि मी रोज इकडे गालिचा झटकते!"

संध्याकाळपर्यंत परसात चाळीस माणसं जमली. दुसऱ्या दिवशी सेकंड शिफ्ट सुटल्यावर रांग रस्त्यापर्यंत गेली. मरणाच्या दारातून परत आलेले महाराज! कुणी आजारी सासऱ्याला घेऊन आलं, कुणी बंद पडलेला मिक्सर! मनोरमाबाईंना स्वतःच्या नळावर बादली भरायला नंबर लावावा लागला.

नीळकंठरावांनी तीन पानी अर्ज केला : ही आमची वडिलोपार्जित जागा, आम्हांला इथेच राहू द्यावं. तिवारींनी तो वाचला, सोबतची वहीही वाचली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "साहब, जिन्होंने सब छोड़ दिया, आप उनके नाम पर ज़मीन माँग रहे हैं?"

नीळकंठरावांनी अर्जाची घडी करून तो खिशात घातला. ज्याने जिवंतपणी आपलं घर सोडलं आणि मागे वळून पाहिलं नाही, त्याच्यापुढे आपण एका क्वार्टरसाठी तीन पानं खरडली! त्यांना भयंकर लाज वाटली. एकतीस तारखेला त्यांनी किल्ली दिली. पंतांसारखं ताठ मानेने निघायचं ठरवलं होतं, पण कोपऱ्यापर्यंत जाईतो ते चार वेळा मागे वळले.

महिनाभराने राहवेना. हातात फुलांचा पुडा घेऊन ते पोचले. क्वार्टरमध्ये आता विनायक नावाचा नागपूरचा तरुण इंजिनिअर राहत होता. तो फाटकाशी उभा राहून गर्दी आवरत होता.

"काका, लाइनमधून या. चपला बाहेर."

नीळकंठराव छाती पुढे काढून म्हणाले, "अहो, मी त्यांचा पणतू!"

विनायकने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सकाळपासून नऊ पणतू येऊन गेले, काका. तुम्ही त्या निळ्या शर्टवाल्या पणतूच्या मागे उभे राहा."

नीळकंठरावांनी चपला काढल्या.