नऊ हात पेव

लंडनहून आलेल्या निळ्या हवाई पत्राला अमृतराव गुरुजींनी चार महिने उत्तर दिलं नव्हतं. उत्तर तर सोडाच, पत्र त्यांनी पुरतं वाचलंही नव्हतं. 'गुरुजी, इकडे शिकताना मी आपल्याच कुरुंद्याच्या धान्यसाठवणीवर प्रबंध लिहितो आहे,' एवढं वाचलं आणि घडी घालून ते शब्दकोशात खुपसलं.

पत्र नरसिंगचं होतं. सातवीत इतिहासात पस्तीस मार्कांनी काठावर पास झालेला नरसिंग! इकडे गुरुजी 'कुरुंदा परिसराची माहिती' वीस वर्षं लिहीत होते. तीन वह्या भरल्या, पण छापायला देण्याची हिंमत होईना. आणि हा पस्तीसवाला साता समुद्रापलीकडे बसून कुरुंद्यावर डॉक्टर होणार!

"तिथं बसून याला आपलं गाव काय दिसणार?" ते म्हणायचे.

"तुमाला तर इथं बसून न्हाई दिसत," त्यांच्या पत्नी पद्माबाईंनी एकदा ऐकवलं. "जळून राहिले तुमी त्या लेकरावर."

"मी जळत नाही. सवडीनं लिहिणार आहे."

"चार महिन्यांत हळद कमरेला लागली. तुमची सवड काई उगवंना."

दसऱ्याला पूजेसाठी पुस्तकं काढली आणि शब्दकोशातून पत्र खाली पडलं. पद्माबाईंनी ते उचलून नवऱ्याच्या हातात दिलं आणि पुढचं वाचेपर्यंत समोरून हलल्या नाहीत.

'इथल्या ग्रंथालयात निजामाच्या वेळचे ढीगभर अहवाल आहेत, पण जमिनीखालचं धान्याचं पेव किती खोल असतं हे एकाही साहेबानं आत उतरून पाहिलेलं नाही. आमचं पेव बहात्तरच्या दुष्काळात रिकामं झालं, ते बुजवून टाकलं. म्हणून आपण वर्गात सांगितलेलं "पेव सहा हात खोल असते" हेच वाक्य आपल्या नावानिशी घेतो आहे. मी पेपरात नऊ हात लिहिलं होतं, आपण फुली मारली होती. दिवाळीपर्यंत उत्तर आलं नाही तर होकार समजेन.'

आपल्या नावानिशी! गुरुजींच्या अंगावर मूठभर मांस चढलं आणि पुढच्याच घटकेला उतरलं. सहा हात हा आकडा आणला कुठून? त्यांनी जन्मात कधी पेवात डोकावलं नव्हतं. पोरं गडबड करत होती, काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं असावं. आता उद्या सगळं लंडन हसणार.

वही काखेत मारून ते तडक निघाले. पण ते दिवस लेव्हीचे, सक्तीच्या धान्यवसुलीचे होते. सरकारी माणसं घरोघर ज्वारी शोधत हिंडत होती, आणि अशात गुरुजी दारोदार पेवं विचारत सुटले.

"पेव?" तातेराव म्हणाले. "ते काय असतंय, गुर्जी?" खरं तर त्यांच्या घरी भाकरी भाजली की पेवातल्या ज्वारीचा आंबूस वास अख्ख्या गल्लीत सुटायचा.

तिसऱ्या घरापर्यंत 'गुर्जी लेव्हीवाल्यास्नी सामील झाले' ही बातमी त्यांच्यापुढे धावू लागली. ती कोंडीबाच्या अंगणात पोचली, तेव्हा कोंडीबाचं पेव उघडंच होतं. त्यानं घाईघाईनं तोंडावर गोणपाट अंथरलं, वर कडबा पसरला आणि उंबऱ्यात येऊन हात जोडले.

"आमच्याकडं कुठलं पेव, गुर्जी? आमच्या आज्यानं बी पाह्यलं न्हाई."

दुसऱ्या कुणी उलट विचारलं असतं. गुरुजी भिडस्त. "बरं, बरं. उगाच तकलीफ दिली," असं म्हणत, नमस्कार करत करत ते मागे सरकले. एक पाऊल, दोन पावलं. तिसरं पाऊल गोणपाटावर पडलं आणि कुरुंदा परिसराची माहिती लेखकासह भुईत गडप झाली.

"अगं आई!" कोंडीबाची बायको चतुराबाई घरातून धावली. "गुर्जी पडले वं पेवात!"

"हळू बोल!" कोंडीबा खेकसला आणि खाली वाकला. "गुर्जी, हातपाय शाबूत हायेत ना? नशीब, कालच उघडून हवा खाऊ घातली. न्हाईतर आत वाफेनंच जीव जातो."

गुरुजी कमरेपर्यंत ज्वारीत रुतले होते. चष्मा एका कानाला लोंबत होता. कोंडीबानं दोर सोडला.

"किती हात सोडला?" खालून आवाज आला.

"पाच."

"आणि माझ्याखाली ज्वारी किती?"

"आधी वर या ना, गुर्जी!"

"सांगितल्याशिवाय येणार नाही." गुरुजींनी दोर सोडून हाताची घडी घातली. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला असं अडवलं नव्हतं.

"लोक गोळा होऊन राहिले की वं!" चतुराबाई नवऱ्यावर ओरडली. "सांगून टाका अन् काढा त्यास्नी. मामंजींनी नऊ हात खणलं होतं, नऊ! खाली चार हात ज्वारी हाय."

पेवात गुरुजींनी लोंबणारा चष्मा नीट डोळ्यांवर चढवला.

"नऊ," मग ते अगदी हळू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गुरुजी लंगडत टपालपेटीकडे निघाले. कोंडीबा सोबत होता.

"माझं नाव न्हाई ना टाकलं?"

"'एका गृहस्थाचे पेव' असं लिहिलंय. नऊ हात. 'स्वतः आत उतरून पाहिले.'"

"उतरून?"

"प्रबंधात 'पडून' असं लिहीत नाहीत, कोंडीबा."

पेटीपाशी गुरुजी थांबले. शेवटच्या ओळी त्यांनी पुन्हा वाचल्या. 'तुझे उत्तर बरोबर होते. फुली माझी चुकली. त्या प्रश्नाचे दोन मार्क धरून पस्तीसचे सदतीस समजावेत.'

सदतीस. लंडनात डॉक्टर होणार, वर आणखी सदतीस! गुरुजींनी खिशातून पेन काढलं, सदतीस खोडून 'साडेछत्तीस' केलं आणि पुढे लिहिलं, 'अर्धा मार्क अक्षर वाईट म्हणून कापला आहे.'

मग जिभेनं कडा ओली करून त्यांनी पत्र चिकटवलं आणि पेटीत टाकलं.