जाड थेंब

मुलांनो, गेल्या सुट्टीत तुमच्या हातातला झाडांचा फवारा काढून घेऊन उन्हात धरणारा आणि "थेंब जाड हाय" म्हणून परत देणारा माणूस आठवतो? तो आमचा शेजारी हिराजी. तुम्ही हसलात. मीही हसत असे.

हिराजी कोळ्याचा मुलगा, शिकून इंजिनिअर झाला. पुण्याच्या एका कारखान्यात त्याने आयुष्यभर एकच काम केलं. सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा कसा उडतो, कसा पेटतो, हे इंजिन सुरू न करता कॉम्प्युटरवर गणित मांडून बघायचं. निवृत्त होऊन श्रीवर्धनला आला तोही दोन कॉम्प्युटर घेऊन.

"बाई, डिझेल नॉझलच्या भोकातून धुक्यासारखं आलं पाहिजे. धुकं पेटतं. जाड थेंब नुसता धूर करतो."

जगाला लावायला त्याच्याकडे हे एकच माप. माझी फोडणी, पुढाऱ्यांची भाषणं, सुपारीवर मारलेलं औषध, सगळ्यांवर एकच शेरा. देवळात तीर्थ घेतानासुद्धा तळहाताकडे संशयाने बघायचा. बंदरावर तर लोक त्याला बघून वाट बदलत. "नॉझलमध्ये तार घालून भोक रुंद कराल तर हात तोडीन!" असं तो सगळ्यांना बजावत फिरे.

दोन वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ दामू गेला. खाडीच्या तोंडाशी वारा उठला, होडीचं इंजिन काळा धूर ओकून बंद पडलं आणि होडी खडकावर आपटली. दामू तिसऱ्या दिवशी सापडला. इंजिन सापडलंच नाही.

तेव्हापासून हिराजीचा कॉम्प्युटर बंद झालेला नाही. एक गणित सुटायला चार दिवस लागतात. वीज गेली की तो माझ्या इन्व्हर्टरवरून वायर ओढतो. माझं अक्षर बरं, म्हणून नोंदींची वही माझ्याकडे. तारीख, भोकाचा व्यास आणि शेवटी 'पेटलं' किंवा 'नाही'. मी पानंच्या पानं 'नाही' लिहिलं.

रोज दुपारी दामूची बायको पारू डबा घेऊन यायची.

"भावजी, यंत्राला इचारून झालं आसल तर जेवा."

तो मान वर करत नसे. तिच्या हातचं त्याच्या घशाखाली उतरत नसे. डबा माझ्या मांजरीला जाई.

"मांजर बरी गुटगुटीत झाली, बाई," पारू एकदा मला म्हणाली.

मला शिस्तीची सवय. एकदा वही पहिल्या पानापासून चाळली, तर दिसलं, प्रत्येक नोंदीत भोक आदल्यापेक्षा किंचित लहान होतं. कुणाचं तरी रुंदावलेलं भोक तो मागे मागे नेत होता.

"हिराजी, हे नॉझल कुणाचं?"

त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"दामूचं. मासेमारीच्या हंगामाचा पहिला दिवस. भोकात कचरा अडकलेला. दुरुस्तीला पाठवायचं तर दोन दिवस जाणार, आणि त्याला घाई. मी स्टोव्हची पिन घातली. मी, बाई! भोक किती रुंदावलं, कोण सांगणार? किती रुंदावलं असतं तरी इंजिन चाललं असतं, ते शोधतोय."

स्टोव्हची पिन तुम्ही पाहिली नसेल. पत्र्याच्या पट्टीला बसवलेली बारीक तार असते ती. अडकलेला स्टोव्ह तिने मोकळा होतो.

परवा भोक उतरत उतरत कोऱ्या नॉझलच्या मापावर आलं. दुपारी पडद्यावर केशरी ज्योत फुलासारखी उघडली. मी वहीत 'पेटलं' लिहिलं.

"म्हणजे पिन घातलीच नसती तर," हिराजी म्हणाला. "तरच."

पारू डबा घेऊन दारात उभी होती. केव्हापासून, आम्हाला कळलं नाही.

"पिन माज्या स्टोव्हची व्हती, भावजी. तुमी मागितली, मी दिली." मग ती माझ्याकडे वळली. "बाई, माजं नाव त्या वहीत कुटं लिवलंय?"

मी उगाच पानं उलटली. ते कुठेच नव्हतं.

हिराजी उठला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने तिच्या हातून डबा घेतला, झाकण काढलं. बोंबलाच्या कालवणाची वाफ चष्म्यावर चढली, काचा धुक्याने भरल्या. थेंब कसा आहे, ते काही तो बोलला नाही.

"पारू," त्याने विचारलं, "तू जेवलीस का?"