पंचनामा होईपर्यंत

वाघजाई वस्तीवर विधिमंडळाची समिती येणार, असं पत्र आलं तेव्हा चिमाजींनी ते बसून वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला ते उठून उभे राहिले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तरी कायदा करणाऱ्या माणसांनी आपल्याला लिहिलेलं पत्र मांडी घालून वाचणं त्यांना बरं वाटेना. टोपी नीट करून त्यांनी उरलेलं पत्र उभ्यानंच वाचलं.

चिमाजी चिंचवडच्या आपत्ती साहाय्य मंडळाचे चिटणीस. आग, पूर, वादळ यांत सापडलेल्यांना भांडीकुंडी, कांबळी पुरवणारं हे छोटंसं मंडळ. त्यात चिमाजींकडे कायद्याचं खातं होतं. मदतीच्या वाटेत आडवे येणारे नियम हुडकायचे आणि ते बदलावेत म्हणून सरकारदरबारी निवेदनं धाडायची. कायद्यावर त्यांची भक्ती अशी, की 'कलम' हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा.

पण एका नियमानं त्यांची झोप उडवली होती. मागच्या वर्षी, म्हणजे चोपन्न सालच्या उन्हाळ्यात, चाकणजवळ भामा नदीच्या काठी या वाघजाई वस्तीची चौदा घरं जळाली. नियम असा, की पंचनामा होईपर्यंत आपत्तीच्या जागेवरची एकही वस्तू हलवायची नाही, आणि पंचनाम्यावरून यादी झाल्याखेरीज मदत वाटायची नाही. महसूल खात्याचे सर्कलसाहेब पंचनाम्याला आले ते नवव्या दिवशी. तेव्हापासून चिमाजींनी अकरा निवेदनं पाठवली, एकोणचाळीस कलमांचा मसुदा तयार केला, आणि आता पुण्याला पावसाळी अधिवेशन भरायच्या आत खुद्द समिती जागा बघायला येत होती. समितीला पटलं तर नियम बदलणार. नाही पटलं, तर वर्षभर पुन्हा कोणी विचारणार नव्हतं.

मे महिन्यातल्या एका दुपारी मोटार धुरळा उडवत वस्तीवर आली. पाच सभासद उतरले. अध्यक्ष रंगराव म्हणजे सहा फूट उंच, पांढऱ्याशुभ्र मिशा आणि घंटेसारखा आवाज. चिमाजी त्यांच्याकडे बघतच राहिले. हा माणूस सभागृहात 'होय' म्हणतो आणि त्याचा कायदा होतो! बरोबर कुसुमताई नावाच्या सभासद होत्या. त्यांनी चिमाजींना नमस्कार केला, तर चिमाजींना उलट नमस्कार करायचंही सुधरेना.

बांबू आणि ताडपत्रीचा मांडव घातला होता. पाहुण्यांनी जोडे काढले, पिशव्या, टोप्या, चष्मे ठेवले. मोटार हाकणाऱ्या मुरारीनं किल्लीसकट आपला कोट खांबाला अडकवला. पिठलं, भाकरी, शेवयांची खीर, पाण्याचे हंडे, सगळं आतच. चिमाजींनी मसुदा पाटावर ठेवला. जेवणाआधी हातपाय धुवायला म्हणून सगळे बाहेर घंगाळाकडे गेले.

तेवढ्यात नदीकडून वावटळ आली. मांडव एकदा फुगला, दोनदा डुलला आणि भुईसपाट झाला. कोणाला खरचटलंही नाही. मुरारी किल्लीसाठी धावला.

"थांबा! कोणी हात लावायचा न्हाई!"

हा आवाज तलाठी सोपानरावांचा. दोन्ही हात पसरून ते पडलेल्या मांडवापुढे उभे होते.

"अहो, माझे जोडे आत आहेत," रंगराव म्हणाले.

"व्हय साहेब. पर वादळानं पडलंय. म्हंजे ही आपत्ती झाली. पंचनामा होईस्तवर काडी हलवता येत न्हाई."

"मांडवाचा कसला पंचनामा?"

"नियमात 'मांडव सोडून' असं कुठं लिवलंय साहेब? मागं म्या एक जळका वासा हलवू दिला, तर वरनं सहा पत्रं आली. आन् आज तर कायदा करणारेच म्होरं उभे. तुमच्यादेखत म्या कायदा मोडू?"

रंगराव चिमाजींकडे वळले. "खरंच असा नियम आहे?"

चिमाजींना नियम तोंडपाठ होता. त्यांनी तो क्रमांकासकट, खालच्या आवाजात, स्तोत्र म्हणावं तसा म्हणून दाखवला.

"कोणी केला हा?"

"आपणच साहेब," चिमाजी अदबीनं म्हणाले. "म्हणजे आपल्या सभागृहानं."

रंगरावांनी मिशीवरून हात फिरवला. तलाठ्याला नियम मोडायला सांगावं, तर उद्या वर्तमानपत्रात काय येईल? "मग बोलवा सर्कलला," ते म्हणाले.

एक जण सायकलवर चाकणला पिटाळला. तासाभरानं तो परत आला. सर्कलसाहेब कांद्याच्या वखारीत झालेल्या पडझडीच्या पंचनाम्याला गेले होते. तो उरकला की येतो, असा निरोप होता. सभासद एकेक पाय उचलत तापल्या जमिनीवर उभे. किल्ली आत, त्यामुळे परत जायची सोय नाही. जेवण आत. प्यायचं पाणीसुद्धा आत. वाऱ्याबरोबर ताडपत्रीखालून खिरीचा वास मात्र येत होता, आणि त्याला कुठल्याच नियमाची आडकाठी नव्हती.

तेव्हा वस्तीतली तानाबाई पुढे आली. साठीची, काटक बाई. "चला, बाभळीखाली बसा," ती म्हणाली. "आमी बी तितंच बसलो हुतो. सावली दुपारपत्तुर ह्या अंगाला, मंग त्या अंगाला सरकती. सरकत ऱ्हायचं."

तिनं पळसाची पानं आणली आणि सुतळीनं एकेकाच्या पायाला बांधून दिली. विधिमंडळाचे पाच सभासद पानांच्या वहाणा घालून टपटप करत बाभळीकडे निघाले. चिमाजींना हसू आलं नाही. त्यांना रडूच यायचं बाकी होतं. वर्षभराची मेहनत मांडवाखाली, आणि ज्यांच्यापुढे ती मांडायची ते उपाशी.

तानाबाईनं घरातून लोटाभर पाणी आणलं. रंगराव ते घटाघट प्याले आणि त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही नऊ दिवस इथं होता?"

"व्हय. चवथ्या दिशी माझी सून शकू हितंच बाळंत झाली. ह्या ताई बसल्यात न्हवं, तितं."

कुसुमताई नकळत बाजूला सरकल्या. "पांघरायला काय होतं?"

"हुती की कांबळी. त्या बांधाला गाडी हुबी हुती मंडळाची. हितनं दिसत हुती, लाल काठाची. पर यादी न्हवती." तानाबाई जराही चढ्या आवाजात बोलत नव्हती. "गाडीवाले साहेब बी भले हुते. रातभर जागं ऱ्हायचे. रडायचे बी. पर नियम मोडंनात."

मांडवाखालच्या त्या एकोणचाळीस कलमांत जे कुठंच लिहिलेलं नव्हतं ते सांगायची वेळ चिमाजींवर आली होती. आज गप्प बसलो तर जन्मभर गप्पच बसावं लागेल, असं त्यांना वाटलं.

"तो गाडीवाला मी," ते म्हणाले.

रंगरावांनी मान वर केली.

"साहेब, पन्नास पावलांवर बाळ रडत होतं. गाडीत चाळीस कांबळी होती. मला वाटायचं, कायदा म्हणजे आपल्यापेक्षा शहाणा असणार. मी नाही दिलं एकही."

"मंग म्या लुगडं फाडलं," तानाबाई म्हणाली. "पोर जगलं. तुमी कशापायी एवढं मनाला लावून घेता? दर म्हैन्याला येऊन बघून जाता की त्याला."

चिमाजींनी तिच्याकडे पाहिलं. ही बाई वर्षभर त्यांना ओळखून होती आणि त्यांच्या हातात चहाचा कप देत होती. सभागृहातली माणसं मोठी, असं ते आजवर समजत आले होते. आता त्यांच्यापुढे फाटक्या लुगड्यातली ही बाई बसली होती आणि तिच्यापुढे उभं राहावं की बसावं हे त्यांना कळत नव्हतं.

सर्कलसाहेब उन्हं कलताना आले. घाम पुसत त्यांनी कागद काढला. "आपद्ग्रस्ताचं नाव?"

"रंगराव."

"धंदा?"

"कायदे करणं."

सर्कलसाहेबांनी वर पाहिलं, पायांच्या पळसाच्या पानांकडे पाहिलं आणि कागदावर लिहिलं: 'शेती'. पंच म्हणून तानाबाईचा अंगठा घेतला. मग ताडपत्री उचलली गेली. खिरीचं पातेलं उपडं झालं होतं. एकोणचाळीस कलमांनी खीर नीट टिपून घेतली होती.

"असू द्या," रंगराव चिमाजींना म्हणाले. "आम्ही ऐकलंय."

पावसाळी अधिवेशनात रंगराव बोलायला उठले. चिमाजी वरच्या गॅलरीत श्वास रोखून बसले होते. रंगरावांनी फार वेळ घेतला नाही. त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीत चिमाजींचं एकही कलम नव्हतं. एकच वाक्य होतं: पांघरूण, अन्न आणि आसरा पंचनाम्याआधी द्यावा. समितीतल्या उरलेल्या चौघांनी इतक्या कळकळीनं पाठिंबा दिला की बाकीचे सभासद चकित झाले. दुरुस्ती मंजूर झाली. हात वर होताना चिमाजींच्या अंगावर काटा आला.

दुसऱ्याच दिवशी ते वस्तीवर पोचले. तानाबाई ओट्यावर हुलगे निवडत होती. नातू तिच्या मांडीला धरून उभं राहायला बघत होता.

"नियम बदलला तानाबाई! आता आग लागली की कांबळी लगेच द्यायची. आधी द्यायची, मग लिहायचं!"

"लई चांगलं झालं," ती म्हणाली. सूप तिनं दोनदा पाखडलं. "आन् न्हाई दिली तर?"

एवढं मोठं सभागृह, एवढे शिकलेले लोक, आणि हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. चिमाजींनी टोपी काढली, पायरीवर तिच्यापेक्षा खालती बसले आणि खिशातून पेन्सिल काढली.

"सांगा," ते म्हणाले. "जरा सावकाश सांगा."