वैजनाथअप्पांची जमिनीखालची लाईट

वैजनाथअप्पा कुणाच्याही घरी गेले तरी आधी बसत नाहीत. चपला काढायच्या, मान वर करायची आणि विचारायचं, "मेन कुठं हाय?" घरची सून पाण्याचा तांब्या घेऊन उभी असते आणि हे भिंतीवरची वायर डोळ्यांनी चाचपत आतल्या खोलीपर्यंत पोचलेले असतात. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तिथंही पोह्यांच्या आधी मेन पाहिला. मुलीच्या बापाला वाटलं, लाईटवाले साहेब आकडा पकडायला आलेत. त्याला घाम फुटला. लग्न जमलं, पण त्या घरात अप्पांना अजून "साहेब"च म्हणतात.

आमचं गाव उमापूरच्या अलीकडं. अप्पांचं किराणा दुकान पेठेत, आणि घर माझ्या घराला लागून, गावाच्या कडेला. मी शिवणकाम करते. माझ्या मशीनची मोटर ते येता-जाता तपासतात. हात लावून नाही, उंबऱ्यातूनच, वास घेऊन. "सुमन, वायर तापली बघ," म्हणतात. बहुतेक वेळा वास माझ्याच करपलेल्या भाजीचा असतो, पण ते कोण कबूल करणार!

हे वेड त्यांना पूर्वी नव्हतं. अंगणाच्या टोकाला गोठा आहे, आणि घरापासून गोठ्यापर्यंत एक वायर लिंबाच्या फांदीवरून लोंबत गेलेली होती. सगळ्यांच्याच घरी जाते तशी. गंगाकाकूंना, म्हणजे अप्पांच्या बायकोला, अलीकडं विसर पडायला लागला. आधी मीठ दोनदा पडायचं, मग माणसांची नावं गेली, आता कधी कधी त्या अप्पांनाही ओळखत नाहीत. एका दुपारी अप्पा जेवायला आले तर काकूंनी ओलं लुगडं त्या वायरवर वाळत घातलेलं, आणि त्या दोन्ही हातांनी वायर खाली ओढून लुगड्याच्या चुण्या मोडत होत्या. वायरीचं वरचं प्लास्टिक उन्हानं कधीच तडकलेलं होतं. नशीब, तेव्हा लाईट गेलेली होती. लाईट गेली म्हणून देवापुढं साखर ठेवणारा आमच्या तालुक्यातला हा एकटाच माणूस.

पुण्याहून मुलाचा, बसवराजचा, फोन आला. म्हशी विकून टाकल्यात, गोठा रिकामा आहे, मग लाईट हवी कशाला? कनेक्शन तोडा आणि कुलूप लावा. मुलगा चुकीचं बोलत नव्हता. अप्पांनी कुलूप लावूनही पाहिलं. काकू दिवेलागणीला दाराशी जाऊन बसल्या आणि आतल्या नसलेल्या म्हशींना हाका मारत राहिल्या. अप्पांनी कुलूप काढलं. "तिचा गोठा हाय, ती जाणार. अंधारात कशापायी जायचं तिनं? वायरच मातीत घालू," म्हणाले. काकूंचा गोठा सुटू नये आणि काकूही हातातून सुटू नयेत, एवढंच त्यांना हवं होतं.

मग गेवराईहून वायरमन रशीदभाई आले, आणि आमच्या गल्लीची शांतता गेली.

कुदळ पडायच्या आधी अप्पांनी मेन बंद केला. तेवढ्यानं भागेना, म्हणून फ्यूज काढून बंडीच्या खिशात टाकला, कुणी चुकून चालू करायला नको. मग त्यांना आठवलं की आज कपिलधारला दर्शनाला जायचं आहे. गेले. फ्यूज खिशात! भर उन्हाळ्यात घरात पंखा नाही, रशीदभाई चराच्या कडेला डोक्याला हात लावून बसलेले, आणि काकू त्यांना "पाव्हणं, जेवून जावा" असं पुन्हा पुन्हा म्हणतायत. रशीदभाई बिचारे दोनदा जेवले. संध्याकाळी अप्पा अंगाऱ्याच्या पुडीबरोबर फ्यूज काढून म्हणाले, "बरं झालं न्हाई का? मी देवाला गेलतो तवर कुणी चालू त केली न्हाई."

चर मांडीएवढा खोल खणला तरी अप्पांचं समाधान होईना. "नांगराचा फाळ कुठवर जातो? त्येच्या खाली पायजे," म्हणाले. केबल पत्र्याचं कवच असलेली जाड आणली, ती टोकाला थोडी कमी पडली. "जोड मारतो ना अप्पा, पक्का टेप लावतो, काय होत न्हाई," असं रशीदभाई म्हणाले. "जोड वर भिंतीवर मार, मातीत न्हाई," म्हणून अप्पांनी सगळं भेंडोळं परत पाठवलं आणि एकसलग आणवलं. फाटकातून ट्रॅक्टर येतो, तिथं केबल लोखंडी पाइपातून घेतली. कुठं जरा जरी करंट गळाला तर आपोआप पडणारा स्विच बसवला. तो पडतो की नाही हे अप्पांनी इतक्या वेळा बटण दाबून पाहिलं, की रशीदभाईंनीच हात जोडले.

केबलच्या खाली-वर वाळू लागते, खडा टोचू नये म्हणून. आमचा तालुका गोदावरीच्या काठचा, पण इथं चार पाट्या वाळू मागितली तर माणसं आधी इकडंतिकडं बघतात. अप्पांनी देवळाच्या ओट्याच्या कामातून उरलेली वाळू रीतसर विचारून आणली आणि पिठाच्या चाळणीनं चाळायला बसले. काकूंनी ते पाहिलं आणि वर्षभरात ऐकू आला नव्हता असा खणखणीत आवाज लावला, "माझी चाळन कुनी घेतली रं?" अप्पा खाली मान घालून बोलणी खात होते आणि हसत होते. मला वाटतं, ती चाळणी त्यांनी मुद्दाम घेतली असावी.

वाळूवर विटा, विटांवर माती. खरी गंमत पुढं झाली. खाली केबल आहे हे लोकांना कळावं, शेळ्या बांधायला कुणी लोखंडी खुंटा ठोकू नये, म्हणून अप्पांनी चराच्या वर ओळीनं दगड रोवले आणि दुकानाच्या फळ्यांचा उरलेला शेंदरी रंग त्यांना फासला. आमच्याकडं शेंदरी दगड म्हणजे काय, हे या भल्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही. अमावस्येला बघते तर पहिल्या दगडापुढं नारळ, दुसऱ्याला हळदीकुंकू, तिसऱ्याजवळ उदबत्ती. धनगराच्या वस्तीवरची एक म्हातारी शेळ्या बाजूला करून पाया पडत होती.

"आजी, देव न्हाई हा. खाली लाईट हाय!" अप्पा कळवळून म्हणाले.

"मंग जागृतच म्हनायचं की!" म्हातारी म्हणाली आणि पुढच्या दगडाकडं वळली.

गळ्यातलं इष्टलिंग आणि कपिलधार सोडून कुणापुढं मान न झुकवणारा हा लिंगायत माणूस अख्ख्या रांगेचा पुजारी झाला, म्हणून मी हसून हसून बेजार. अप्पांनी मात्र दगड तसेच राहू दिले. "पडू दे पाया. पाया पडणारा मानूस तितं खुटा ठोकीत न्हाई," म्हणाले.

परवा काकूंची चोळी शिवून झाली, ती द्यायला दिवेलागणीला गेले. घरात कुणी नव्हतं. गोठ्यात लख्ख उजेड होता. काकू उपड्या पाटीवर बसल्या होत्या आणि अप्पा रिकाम्या गव्हाणीत हात फिरवत होते.

"गडी, वैरन टाकलीस का?" काकूंनी विचारलं.

"टाकली, बाई."

"मालक आले का दुकानावरनं?"

"न्हाई आले अजून."

"आले की मला सांग. दिसभर नुस्त्या च्यावर ऱ्हातेत. भाकर झाकून ठिवलीय त्यांची."

"सांगतो, बाई."

मी दारातच थांबले. अप्पांनी मला पाहिलं, बाहेर आले, चोळी हातात घेतली आणि उगाच तिची शिवण बघत राहिले. "अप्पा, वाईट वाटत असंल," असं काहीतरी मी म्हणाले. डोळे माझेच भरले होते.

"न्हाई गं," ते म्हणाले. "घरात मी समोर बसलो तरी परक्यावानी बघती. कुनाचं नाव काढीत न्हाई. हितं आली की मातर रोज माझी वाट बघती."

आतून काकूंचा आवाज आला, "ए गडी, भाईर काय बोलत बसलास?"

"आलो, बाई," म्हणून अप्पा लगबगीनं आत गेले.