तीन मुळांची दाढ

दातांच्या डॉक्टरांची मुलगी त्यांच्या दवाखान्यात बसली, तर डॉक्टरांच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. एक, दुपारची झोप. ती गेली तीस वर्षं लोकांच्या दाढांनी खाल्ली होती. दोन, डोळ्यांना आराम. अलीकडे त्यांना खालचा दात बघायला एक चष्मा लागे आणि वरचा बघायला दोन. आणि तीन, थोरल्या भावासमोर ताठ मान. थोरले बंधूही दातांचेच डॉक्टर, आणि त्यांच्या दारावर गेल्या वर्षापासून 'आणि चिरंजीव' अशी पाटी झळकत होती. खरं सांगायचं तर तिसरी गोष्ट मिळत असती, तर डॉक्टरांनी पहिल्या दोन खुशाल सोडून दिल्या असत्या.

मुलीला यातून काय मिळणार, हे कुणी मोजलं नव्हतं. तिला विचारलं असतं, तर तिनं सांगितलं असतं: चाळीस वर्षं उघडे जबडे.

दातांच्या डॉक्टरकीची परीक्षा ती चांगल्या गुणांनी पास झाली होती. त्यानंतर 'पुढचा अभ्यास करायला अभ्यासिकेत जाते' असं सांगून ती रोज सकाळी निघायची, आणि अभ्यासिकेच्या मागच्या गल्लीत पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकाकांच्या दुकानात जाऊन बसायची. पेंटरकाकांची अक्षरं शहरभर होती, पण आता त्यांचा हात थरथरायचा. सरळ रेघ ओढायला घेतली की रेघेला मध्येच हुडहुडी भरायची. चार महिन्यांत बारीक काम सगळं मुलीकडे आलं.

"हात आहे तुझा," काका म्हणायचे. "हा शिकवून येत नाही."

घरी डॉक्टर नेमकं हेच म्हणायचे. हात एकच, आणि त्याला गिऱ्हाइकं दोन.

एकदा तिनं घरी विषय काढूनही पाहिला होता. "बाबा, मला दातांपेक्षा अक्षरं आवडतात."

"मग केसपेपर सुंदर लिहीत जा," डॉक्टर म्हणाले होते, आणि आमटीची वाटी पुढे केली होती.

अशात एका सकाळी ती दुकानात मोठ्या पत्र्याच्या आडोशाला बसून किनार रंगवत होती, तोच दारात ओळखीचं खाकरणं ऐकू आलं.

"पाटी करून हवीय," डॉक्टर म्हणाले. "पण गुपचूप. माझ्या मुलीला कळता कामा नये."

पेंटरकाकांनी पत्र्याकडे नजर टाकली. पत्र्याखाली दिसणारे दोन पाय हळूच स्टुलाच्या दांडीवर चढत होते. काका काय ते समजले.

"आमच्याकडून नाही कळणार," ते म्हणाले. "लिहायचं काय?"

"वर 'दातांचा दवाखाना'. खाली 'डॉक्टर आणि कन्या'. बाजूला एक दाढ. दाढ वाटली पाहिजे, गाजर नको."

"अक्षरामागे भाव आहे आपला. 'आणि कन्या' गाळलंत तर स्वस्तात पडेल."

"अहो, त्याच्यासाठीच तर पाटी! बाकीचं गाळा हवं तर."

डॉक्टर गेले. मुलगी बाहेर आली. नाकाच्या शेंड्याला निळा रंग लागला होता.

"सांगून टाक," काका म्हणाले.

"तुम्ही ओळखत नाही त्यांना. एकदा त्यांनी एकाची भलतीच दाढ काढली, आणि तीसुद्धा आज ना उद्या काढावीच लागली असती हे त्याला पटवून दिलं. आभार मानून गेला तो."

"मग पाटी मी करतो." काकांनी ब्रश उचलला. ब्रश थरथरला. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं. "तूच कर," काका म्हणाले. "आणि नीट कर. वाईट पाटी या दुकानातून जायची नाही."

वाईट पाटी करण्याचा विचार तिच्या मनात आला नव्हता असं नाही. पण ती पाटी एकदा चढली, की आपल्याला जन्मभर तिच्याखाली बसावं लागणार, हेही तिला दिसत होतं. तेव्हा तिनं मधला मार्ग काढला, आणि तो तिला भलताच हुशारीचा वाटला. काका जेवायला गेल्यावर तिनं सगळी पाटी तेलाच्या रंगात केली, आणि 'आणि कन्या' एवढंच डिंक घातलेल्या पाण्याच्या रंगात. रोज फडकं फिरेल, अक्षरं महिनाभरात फिकी पडत जातील, बाबांना सवय होईल, आणि तेवढ्यात आपण धीर गोळा करू.

हिशेब चोख होता. त्यात फक्त वडील धरायचे राहिले होते.

रविवारी सकाळी दवाखान्यात टेबलावर पाटी उभी केली होती, वर चादर. थोरल्या बंधूंना मुद्दाम बोलावलं होतं. डॉक्टरांनी मुलीला समोर उभं केलं आणि चादर ओढली.

"अक्षरं झकास आहेत," थोरल्यांना म्हणावंच लागलं. मग त्यांना बरं वाटेल असं काहीतरी सापडलं. "'कन्या'वर बोटाचा डाग आहे बघ."

डॉक्टर कुठलीही गोष्ट स्वच्छ केल्याशिवाय पुढे जात नसत. त्यांनी चिमट्यात कापसाचा बोळा धरला, पाण्यात बुडवला आणि हिरडी पुसावी तसा अलगद फिरवला. डाग गेला. डागाबरोबर 'न्या'ही गेला. काम अर्धवट सोडायची त्यांना सवय नव्हती. ते पुसत राहिले. बोळा निळा झाला, तेव्हा खालच्या ओळीत 'डॉक्टर' एवढंच उरलं होतं.

"कन्या गेली रे तुझी," थोरले म्हणाले.

"फसवलं त्या पेंटरनं. आत्ता जातो आणि त्याला..."

"थांब जरा. ही दाढ कुणी काढलीय?" थोरले वाकले. "पेंटर लोक दोन मुळं काढतात. हिला तीन आहेत."

"वरची दाढ आहे. तीनच असतात," डॉक्टर रागातही म्हणाले.

"असतात. पण हे तिसरं मूळ उलट्या बाजूला वाकलंय. कॉलेजात असल्यापासून तुला सांगतोय, ते तसं वाकत नाही. जगात हे मूळ असं काढणारा एकच माणूस आहे, तू."

डॉक्टरांनी दुसरा चष्मा चढवला. मूळ त्यांचंच होतं. मुलगी दहा वर्षांची असताना जेवणाच्या टेबलावर मेणाची दाढ करून त्यांनी तिला ते शिकवलं होतं. त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. तिच्या नखांकडे पाहिलं.

"अभ्यासिकेत निळ्या रंगानं अभ्यास करतात वाटतं?"

"चार महिने पेंटरकाकांच्या दुकानात जातेय, बाबा. पाटी मी केली."

डॉक्टर पेशंटच्या खुर्चीत बसले. तीस वर्षांत ते त्या खुर्चीत कधी बसले नव्हते.

"दोन मुळं काढली असतीस तर सुटली असतीस."

"हातानं ऐकलं नाही."

हे मात्र डॉक्टरांना कळलं. त्यांनी उठून बोळा 'डॉक्टर'वर जोरात घासला. अक्षर ढिम्म हललं नाही.

"हे पक्कं आहे."

"ते तेलाच्या रंगात आहे."

"आणि दवाखान्यात यायचं नाही, हे मला पाण्याच्या रंगात सांगणार होतीस. रोज, थोडं थोडं." त्यांनी बोळा बादलीत टाकला. "आता तेलाच्या रंगात सांग."

"बाबा, मला दवाखान्यात बसायचं नाही. मला पाट्या करायच्यात."

थोरले बंधू आवडीनं ऐकत होते. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पाटीवरच्या मोकळ्या जागेकडे.

"इथे दवाखान्याची वेळ लिही," ते म्हणाले. "आणि पेंटर लोक खाली कोपऱ्यात आपलं नाव टाकतात ना? तिथे 'कन्या' लिही. बारीक लिही, पण पुसलं जाणार नाही असं."

दुपारपर्यंत पाटी चढली. थोरले तीनदा रस्त्यापलीकडे जाऊन बघून आले आणि म्हणाले, "माझी पाटीही आता वर्षाची जुनी झालीय. घरातल्या घरात काय ते बघू."

"दादा," डॉक्टर म्हणाले, "अक्षरामागे भाव आहे तिचा."

तर शेवटी जमलं ते असं. दुपारची झोप डॉक्टरांना मिळाली नाही. डोळ्यांचा आराम तर नाहीच. ताठ मान मात्र मिळाली, कारण हल्ली पेशंट आधी पाटी कुणी केली ते विचारतात आणि मग तोंड उघडतात. थोरल्यांच्या नव्या पाटीवरही दाढेचं तिसरं मूळ उलटंच वाकलेलं आहे, आणि डॉक्टर त्या रस्त्यानं हटकून जातात. त्या पाटीवर थोरल्यांच्या सगळ्या पदव्या आहेत, दोन ओळी भरून, कंसांसकट. पैसे थोरल्यांनीच भरले. कंसांचेही लागले.